'निर्माण झाला'चे इंग्रजी: ओरिजिनेट, अराइज, इमर्ज आणि त्यांची भावकी

पंचगंगेचा उगम कोठे होतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत लिहायला सांगितले की कोल्हापुरातला चांगला शिकलेला माणूसही क्षणभर थबकतो. 'ओरिजिनेट' लिहावे, 'अराइज' लिहावे, 'इमर्ज' लिहावे की सरळ 'स्टार्ट' लिहून मोकळे व्हावे, हे त्याला ठरवता येत नाही. शब्दकोश उघडावा तर तेथे या सगळ्यांपुढे 'उगम पावणे, उद्भवणे, निर्माण होणे' असा जवळजवळ एकच अर्थ दिलेला असतो, आणि मग त्यांतला जो शब्द अधिक भारदस्त वाटेल तो उचलला जातो. स्पर्धा परीक्षांचे निबंध, संस्थांची माहितीपत्रके आणि कार्यालयीन अहवाल तपासताना ही चूक मला इतक्या वेळा भेटली आहे की तिची येण्याची वाट मला पाठ झाली आहे. ती वाट मराठीतूनच निघते, म्हणून पहिली पायरीही मराठीतच आहे.

पहिली पायरी: आधी मराठी वाक्य मोकळे करावे

आजच्या लेखी मराठीत 'निर्माण होणे' या क्रियापदाने बाकीच्या सगळ्यांची जागा बळकावली आहे. वाद निर्माण होतो, शंका निर्माण होते, पूरस्थिती निर्माण होते, नवे नेतृत्व निर्माण होते, नवा शब्द निर्माण होतो आणि बांध घातला की तलावही निर्माण होतो. बोलताना मात्र आपण असे बोलत नाही. वाद पेटतो, शंका येते, पाणी चढते, नेता पुढे येतो, शब्द दुसऱ्या शब्दावरून बनतो, झरा फुटतो, बातमी बाहेर पडते, अडचण उद्भवते आणि रोप उगवते. या प्रत्येक क्रियापदात एक वेगळे चित्र आहे, आणि इंग्रजीतील क्रियापदांतही अशीच वेगवेगळी चित्रे आहेत. 'निर्माण होणे' या शब्दाने ती सगळी एकाच रंगाने पुसून टाकल्यामुळे आपल्याला इंग्रजीतली निवड अवघड वाटू लागते.

म्हणून इंग्रजीकडे वळण्यापूर्वी आपले वाक्य 'निर्माण होणे' न वापरता पुन्हा लिहून पाहावे. 'स्टेशन रोडवर वाहतुकीची समस्या निर्माण झाली' याऐवजी 'समस्या उद्भवली' असे लिहिताच 'अराइज' समोर येते. 'चौकशीतून नवी माहिती निर्माण झाली' असे लिहिणाऱ्याला स्वतःलाच ते खटकेल आणि तो 'माहिती बाहेर आली' असे करील, की लगेच 'इमर्ज' हाताशी लागते. 'नव्या रस्त्याच्या कडेला दुकानांची रांग निर्माण झाली' म्हणजे खरे तर दुकाने पाहता पाहता उभी राहिली, आणि त्यासाठी 'स्प्रिंग अप' आहे. एखादी गोष्ट कोणी तरी हाताने किंवा ठरवून केलेली असेल, तर ती 'निर्माण झाली' नसून 'निर्माण केली' आहे. तेथे 'क्रिएट', 'बिल्ड' किंवा 'फाउंड' यांचे काम असते, आणि या लेखातील एकही क्रियापद तेथे शोभत नाही.

दुसरी पायरी: ती गोष्ट आधीपासून होती का, हे विचारावे

दर पावसाळ्यात पंचगंगा घाटावरील मंदिरे पाण्याखाली जातात, आणि पाणी उतरू लागले की आधी शिखर, मग मंडपाचा दगडी माथा, मग हळूहळू चिखलाने माखलेल्या पायऱ्या असे सगळे पुन्हा वर येते. हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला 'इमर्ज' वेगळा शिकवावा लागत नाही. या शब्दाच्या मुळाशी बुडणे आणि बुडवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. 'सबमर्ज' म्हणजे पाण्याखाली जाणे आणि 'इमर्ज' म्हणजे बुडालेले पुन्हा वर येणे. त्यामुळे 'द टेम्पल्स इमर्ज फ्रॉम द वॉटर ॲज द फ्लड रिसीड्स' या वाक्यात तो शब्द अगदी आपल्या घरी असल्यासारखा बसतो.

यावरून कसोटी अशी ठरते की जी गोष्ट आधी होती, पण झाकलेली किंवा दृष्टीआड होती, आणि आता दिसू लागली, तिच्यासाठी 'इमर्ज' घ्यावा. माणूस गर्दीतून बाहेर येतो, सूर्य ढगाआडून बाहेर येतो, सत्य चौकशीतून बाहेर येते. बातम्यांच्या इंग्रजीत 'इट इमर्ज्ड दॅट' ही रचना याच अर्थाने वारंवार येते: वस्तुस्थिती आधीच होती, लोकांना ती आता कळली. याच शब्दाला 'ॲज' जोडले की अर्थ आणखी थोडा पुढे सरकतो. खासबाग मैदानात अनेक मल्ल उतरलेले असतात आणि दिवसअखेर त्यांतला एक उठून दिसतो. त्याच्याविषयी 'ही इमर्ज्ड ॲज द विनर' असे म्हणता येते, कारण तो आधी अनेकांपैकी एक होता आणि आता वेगळा दिसू लागला. नव्याने पुढे आलेला नेता, पक्ष किंवा शहर यांच्यासाठीही 'इमर्ज ॲज' हेच योग्य आहे.

'इमर्ज' आणि 'ओरिजिनेट' यांतला फरक मला सर्वांत चांगला समजावून देता येतो तो एका मूर्तीच्या आधाराने. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940 च्या दशकात पोसायडन या सागरदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, आणि ती आज टाउन हॉलमधील संग्रहालयात आहे. ती रोमन जगातून व्यापाराच्या वाटेने येथवर पोहोचली असे मानले जाते. आता या मूर्तीविषयी एखाद्याने 'द स्टॅच्यू ओरिजिनेटेड ॲट ब्रह्मपुरी' असे लिहिले, तर व्याकरणात कोठेही चूक नसताना संपूर्ण इतिहास उलटा होतो, कारण वाचणाऱ्याला ती मूर्ती कोल्हापुरात घडवली गेली असे वाटते. मूर्तीची सुरुवात एका ठिकाणी झाली आणि ती दृष्टीस पडली दुसऱ्या ठिकाणी, म्हणून दोन क्रियापदे लागतात: 'इट ओरिजिनेटेड इन द रोमन वर्ल्ड अँड केम टू लाइट ॲट ब्रह्मपुरी.' येथे 'इमर्ज्ड' लिहिले तरी चालू शकेल, परंतु माणसांनी जमीन खणून वस्तू बाहेर काढली असेल तेव्हा 'वॉज अनअर्थ्ड' हे अधिक नेमके आणि अधिक प्रामाणिकही ठरते, कारण मूर्ती आपण होऊन वर आलेली नसते.

'अपिअर' हा 'इमर्ज'चा साधा भाऊ आहे. त्यात 'कोठून' हा प्रश्न नसतो, केवळ दिसणे असते. भिंतीवर तडे दिसू लागले तर 'क्रॅक्स अपिअर्ड' पुरेसे आहे. 'सर्फेस' हा वृत्तपत्री शब्द असून दडलेली कागदपत्रे, चित्रफिती किंवा आरोप अचानक पुढे आले की तो वापरतात.

तिसरी पायरी: सुरुवात सांगायची आहे की अडचण?

गोष्ट आधी नव्हतीच आणि आता अस्तित्वात आली असेल, तर पुढचा प्रश्न असा की आपण तिच्या प्रारंभाचे ठिकाण, काळ किंवा माणूस सांगत आहोत, की परिस्थितीतून काही तरी उपटले असे सांगत आहोत. पहिल्यासाठी 'ओरिजिनेट', दुसऱ्यासाठी 'अराइज'.

'ओरिजिनेट'मध्ये एक छुपी सूचना असते, आणि ती शब्दकोशात सहसा लिहिलेली नसते. ज्या गोष्टीची सुरुवात एके ठिकाणी झाली आणि जी नंतर तेथून पसरली, हलली किंवा बदलली, तिच्यासाठी हा शब्द खुलून दिसतो. कोल्हापुरी चप्पल आज जगभर विकली जाते, म्हणून तिच्याविषयी 'ओरिजिनेट' शोभतो. भौगोलिक मानांकनाविषयीच्या 1999 च्या भारतीय कायद्यातील व्याख्येतही, विशिष्ट प्रदेशात उगम पावलेल्या मालासाठी 'ओरिजिनेटिंग' हाच शब्द आलेला आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या चपलेला 2019 मध्ये जे मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील काही जिल्ह्यांसाठी मिळून आहे, त्यामुळे नाव कोल्हापूरचे असले तरी माहितीपत्रकात 'ओरिजिनेट'पुढे केवळ कोल्हापूर शहराचे नाव लिहिणे भाषेच्या नव्हे तर वस्तुस्थितीच्या दृष्टीने चुकते. शब्द अचूक निवडला की विधानही अचूक असण्याची जबाबदारी येते, आणि 'ओरिजिनेट' ही जबाबदारी विशेष करून टाकतो.

प्रभात फिल्म कंपनीचे उदाहरणही असेच बोलके आहे. ती 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. तिच्याविषयी 'ओरिजिनेटेड इन कोल्हापूर' म्हटलेले खपते, कारण पुढे ती दुसरीकडे गेली. तरीही मी तेथे 'वॉज फाउंडेड' पसंत करीन, कारण कंपनी पाच भागीदारांनी ठरवून काढली होती आणि स्थापनेच्या वर्षासह लिहायचे तर स्थापना हाच शब्द हवा. तिच्या संस्थापकांपैकी बहुतेक जण बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले होते, हे सांगायचे असेल तर 'प्रभात ग्रू आउट ऑफ महाराष्ट्र फिल्म कंपनी' असे लिहावे. 'ग्रो आउट ऑफ' हा साधा वाक्प्रयोग एका कामातून दुसरे काम फुटणे फार चांगले दाखवतो, आणि आपल्याकडे तो विनाकारण दुर्लक्षित राहिला आहे.

या शब्दापुढे कोणते शब्दयोगी रूप घ्यायचे हे चित्रावर ठरते. ठिकाण किंवा काळ सांगताना 'इन', एखादी गोष्ट जेथून निघून आपल्यापर्यंत पोहोचली ते सांगताना 'फ्रॉम', आणि कल्पना कोणाच्या डोक्यातून आली ते सांगताना 'विथ' येते. 'द आयडिया ओरिजिनेटेड विथ माय आजी' या वाक्यात 'फ्रॉम' लिहिण्याचा मोह होतो, कारण मराठीत 'आजीकडून' म्हणतो, पण इंग्रजीचा कान तेथे 'विथ' मागतो.

'अराइज'चे क्षेत्र अमूर्त गोष्टींचे आहे. प्रश्न, शंका, वाद, गरज, अडचण, गैरसमज, संधी, हे सगळे 'अराइज' होतात. हॉटेल, दुकान, नदी किंवा माणूस 'अराइज' होत नाही. कोल्हापुरात गुऱ्हाळे सुरू होण्याच्या दिवसांत ऊसतोड मजूर कमी पडले तर 'ए शॉर्टेज अरोज' म्हणता येईल, परंतु नवे गुऱ्हाळ उभे राहिले तर 'अरोज' म्हणता येणार नाही. कायद्याच्या इंग्रजीत हा शब्द फार महत्त्वाचा आहे. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातील तिसऱ्या कलमात 'अरायझिंग आउट ऑफ अँड इन द कोर्स ऑफ' असे शब्द होते. त्यांतील 'आउट ऑफ' हा भाग कामामुळे अपघात झाला का हे विचारतो, आणि 'इन द कोर्स ऑफ' हा भाग कामाच्या ओघात झाला का हे विचारतो. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि मालकाला भरपाईसाठी जबाबदार धरताना दोहोंचा विचार होतो. उद्यमनगरातील कारखान्याचा अपघात अहवाल लिहिणाऱ्या नवशिक्या कारकुनाने तेथे 'ओरिजिनेट' घालून भाषा सजवू नये, एवढे पुरे.

अनौपचारिक बोलण्यात किरकोळ अडचण मध्येच उपटली तर 'क्रॉप अप', आणि एका घटनेच्या पाठोपाठ दुसरी झाली तर 'एन्स्यू' असे म्हणतात.

नद्यांविषयी थोडे अधिक

भूगोलाच्या इंग्रजीत नदीसाठी परंपरेने 'राइज' आहे: 'द कृष्णा राइजेस निअर महाबळेश्वर.' भारतातील पुस्तकांत 'ओरिजिनेट्स'ही सर्रास दिसते आणि ते चूक नाही. काळ मात्र साधा वर्तमान हवा, कारण नदी आजही तेथूनच निघते. 'रोज' किंवा 'ओरिजिनेटेड' असे भूतकाळी लिहिले तर ती आटून गेल्यासारखे वाटते.

पंचगंगेच्या बाबतीत प्रश्नच वेगळा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून ती होते, आणि हा संगम चिखलीजवळ प्रयाग येथे आहे. पुढे ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे पंचगंगा कोठल्या डोंगरातून निघत नाही, तिच्या उपनद्या निघतात. तेव्हा 'द पंचगंगा राइजेस ॲट प्रयाग' असे न लिहिता 'द पंचगंगा इज फॉर्म्ड ॲट प्रयाग बाय द कॉन्फ्लुअन्स ऑफ' असे लिहावे. वर ज्या प्रश्नावर आपला सुशिक्षित माणूस थबकला होता त्याचे उत्तर हे असे 'फॉर्म्ड' आहे, आणि ते त्याच्या यादीत नव्हतेच. पाणी चढणे मात्र निराळे: राजाराम बंधाऱ्याजवळ पातळी 39 फुटांच्या इशारा पातळीवरून 43 फुटांच्या धोका पातळीकडे गेली, तर 'द वॉटर रोज'.

चौथी पायरी: मूळ कारण आणि घेतलेली वस्तू

एखादी स्थिती आज आहे आणि तिचे मूळ कशात आहे हे दाखवायचे, तर 'स्टेम फ्रॉम' वापरावा. झाडाच्या खोडाचे चित्र त्यात आहे. 'हिज फिअर ऑफ वॉटर स्टेम्स फ्रॉम द फ्लड ऑफ 2019' या वाक्यात भीती आजची आहे आणि खोड मागच्या पुरात आहे. हा शब्द स्थितिदर्शक असल्यामुळे 'इज स्टेमिंग' असे चालू रूप करू नये. गंमत अशी की 'फ्रॉम' गळाले की अर्थ नेमका उलटा होतो: 'स्टेम द फ्लो' म्हणजे प्रवाह थोपवणे. हे दोन वेगवेगळ्या मुळांचे शब्द असून आज त्यांचे अक्षरलेखन सारखे झाले आहे, म्हणून पूरविषयक अहवालात दोन्ही एकाच पानावर आले तर वाचणाऱ्याची दया करून एकाला दुसरा शब्द द्यावा.

'स्प्रिंग फ्रॉम'मध्ये झरा आहे. राग, दया, हट्ट यांसारख्या मनातून उसळणाऱ्या गोष्टींसाठी तो शोभतो. त्याची रूपे 'स्प्रिंग, स्प्रँग, स्प्रंग' अशी चालतात.

'डिराइव्ह'चे मूळ शेतकऱ्याला सर्वांत लवकर समजेल. लॅटिनमध्ये 'रिवुस' म्हणजे ओढा किंवा पाट, आणि 'डिराइव्ह' म्हणजे त्या ओढ्यातून पाणी वळवून घेणे. मूळ प्रवाह तसाच राहतो आणि त्यातून कोणी तरी काही तरी आपल्याकडे घेतो. म्हणून शब्द दुसऱ्या शब्दावरून घेतला, सूत्र दुसऱ्या सूत्रावरून काढले, उत्पन्न उसातून मिळवले, तर तेथे 'डिराइव्ह' हवा. गुळासाठीचा इंग्रजी शब्द 'जॅगरी' हा पोर्तुगीजांकडून आला, त्यांनी तो मल्याळममधून घेतला आणि त्याचे मूळ संस्कृत 'शर्करा' आहे; 'शुगर'ही अखेर त्याच मुळापर्यंत पोहोचतो. कोल्हापूरच्या गुळाची माहिती इंग्रजीत लिहिणाऱ्याने 'द वर्ड जॅगरी इज अल्टिमेटली डिराइव्ह्ड फ्रॉम शर्करा' एवढे एक वाक्य घातले तरी पाट कोठून आला आहे हे दिसेल. आख्यायिकेवर आधारित व्युत्पत्ती असेल, जसे की कोल्हासुराच्या नावावरून कोल्हापूर, तर 'इज सेड टू डिराइव्ह फ्रॉम' अशी सावध रचना करावी.

रोजच्या बोलण्यात मात्र 'डिराइव्ह' जड होतो. तांबड्या रश्श्याला रंग मिरचीमुळे येतो हे सांगायला 'गेट्स इट्स कलर फ्रॉम' पुरेसे आहे. गुऱ्हाळातून येणाऱ्या वासासाठी 'एमनेट' लिहिणारेही भेटतात. वास, प्रकाश, आवाज पसरण्यासाठी तो शब्द आहे हे खरे, परंतु 'द स्मेल कम्स फ्रॉम' लिहिले तर वास काही कमी गोड लागत नाही.

हळूहळू रूप बदलत पुढे आलेल्या गोष्टींसाठी 'इव्हॉल्व्ह' आहे. एकेका शब्दाविषयी 'डिराइव्ह' म्हणतात, तर संपूर्ण भाषेविषयी 'इव्हॉल्व्ह' अधिक बरे: 'मराठी इव्हॉल्व्ड फ्रॉम महाराष्ट्री प्राकृत.' वंशासाठी 'डिसेंड' आहे आणि तेथे 'इज डिसेंडेड फ्रॉम' असेच रूप रूढ आहे. राजघराण्यांचा इतिहास लिहिताना हा शब्द जपून वापरावा. शाहू महाराजांचा जन्म 1874 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात झाला आणि 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. अशा वेळी 'डिसेंडेड' या एका शब्दात सगळे कोंबण्यापेक्षा 'वॉज बॉर्न इनटू' आणि 'वॉज ॲडॉप्टेड इनटू' असे दोन टप्पे स्वतंत्र लिहावेत. त्यांचा 26 जुलै 1902 चा आरक्षणाचा हुकूम मराठीत 'निघाला', पण इंग्रजीत 'केम आउट' नव्हे. हुकूम कोणी तरी काढतो, म्हणून 'वॉज इश्यूड'.

पाचवी पायरी: 'आहे' आणि 'झाला' यांना आवरावे

आता सर्वांत जास्त गुण कापणाऱ्या चुकीकडे येतो. 'इज ओरिजिनेटेड फ्रॉम', 'वॉज अरिझन', 'हॅज बीन इमर्ज्ड' ही रूपे मी दर आठवड्याला खोडतो. ती येतात कोठून हे उघड आहे. मराठीत 'उगम झालेला आहे', 'उदय झाला आहे' असे दोन तुकड्यांचे क्रियापद असते, आणि लिहिणारा 'झाला' आणि 'आहे' या दोघांनाही इंग्रजीत जागा द्यायला जातो. त्यात 'इज डिराइव्ह्ड फ्रॉम' आणि 'इज डिसेंडेड फ्रॉम' ही दोन रूपे खरोखरच बरोबर असल्यामुळे बाकीचीही तशीच असतील असा समज होतो.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आठवावेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात. कोणी चाक फिरवत नाही. 'ओरिजिनेट', 'अराइज', 'इमर्ज', 'स्टेम', 'राइज' ही क्रियापदे त्या दरवाजांसारखी आहेत. त्यांचे काम कर्ता स्वतःच करतो, दुसरा कोणी त्यांच्यावर काही करत नाही, म्हणून त्यांचे कर्मणी रूप होत नाही. 'द प्रॉब्लेम अरोज', 'द प्रॉब्लेम हॅज अरिझन' ही दोन रूपे घ्यावीत आणि 'वॉज' सोडून द्यावा. 'रेज' मात्र हाताने उचलायचा दरवाजा आहे: कोणी तरी प्रश्न 'रेज' करतो, आणि प्रश्न 'अराइज' होतो. सभेत कोणी हात वर करून विचारले असेल तर 'द क्वेश्चन वॉज रेज्ड'. परिस्थितीतून आपोआप पुढे आला असेल तर 'द क्वेश्चन अरोज'. इतिवृत्त लिहिणाऱ्याने या दोहोंतील फरक विसरला तर कोणाच्या तरी तोंडी न बोललेला प्रश्न घातला जाण्याची भीती असते. 'ओरिजिनेट' सकर्मकही असतो, पण तो कर्ज किंवा योजना सुरू करण्याच्या कामापुरता. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मुलाखतीतले एक वाक्य

पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत 'आय ॲम कमिंग फ्रॉम कोल्हापूर' असे आपली मुले सांगतात. त्याचा अर्थ आत्ता कोल्हापूरहून गाडीत आहे किंवा नुकताच उतरलो असा होतो. गाव सांगायचे तर 'आय कम फ्रॉम कोल्हापूर', आणि त्याहून सोपे 'आय ॲम फ्रॉम कोल्हापूर'. 'आय हेल फ्रॉम' हे पाठ करवून घेतलेले वाक्य चूक नाही, पण ते ऐकताच पाठांतर कळते. 'आय बिलाँग टू कोल्हापूर' यात भावना चांगली आहे, माहिती मात्र नाही. मूळ गाव वेगळे असेल तर 'माय फॅमिली इज ओरिजिनली फ्रॉम गारगोटी, बट आय ग्रू अप इन कोल्हापूर' असे दोन भागांत सांगावे. येथे 'ओरिजिनली' हे क्रियाविशेषण पुरे पडते आणि माणसाला 'ओरिजिनेट' करावे लागत नाही.

सराव कसा करावा

रोजच्या मराठी वृत्तपत्रातून 'निर्माण झाला, झाली, झाले' असलेली पाच वाक्ये वहीत उतरवावीत. प्रत्येकाखाली त्याचे मोकळे मराठी रूप लिहावे, आणि त्यानंतरच इंग्रजी क्रियापद निवडावे. निवडलेले क्रियापद परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेल्या इंग्रजी शब्दकोशात पाहताना अर्थाची ओळ सोडून थेट उदाहरणांकडे जावे, आणि त्याच्या आधी कोणती नामे येतात व नंतर कोणते शब्दयोगी रूप येते एवढेच टिपावे. दोन आठवड्यांत वहीत तीस-चाळीस जोड्या जमतात आणि त्या उसन्या नसल्यामुळे लक्षात राहतात.

पहिल्या दिवसासाठी तीन वाक्ये मी देतो. 'पुरामुळे शिरोळमध्ये पिण्याच्या पाण्याची टंचाई निर्माण झाली': टंचाई अमूर्त आहे आणि परिस्थितीतून उद्भवली आहे, म्हणून 'अरोज'. 'दोघांमधील गैरसमज जुन्या व्यवहारातून निर्माण झाला आहे': गैरसमज आजही टिकून आहे आणि खोड मागे आहे, म्हणून 'स्टेम्स फ्रॉम'. तिसरे वाक्य थोडे खोडसाळ आहे: 'पूर्वी दगडाची खाण असलेल्या जागी भूकंप होऊन पाणी साठले आणि रंकाळा निर्माण झाला, असे सांगतात.' पाणी आधी दिसत नव्हते म्हणून 'इमर्ज' लिहावेसे वाटेल, जागा सांगितली आहे म्हणून 'ओरिजिनेट' लिहावेसे वाटेल. पण तलाव बनला आहे, आणि तोही सांगोवांगीप्रमाणे, म्हणून 'इज सेड टू हॅव बीन फॉर्म्ड'.